जुनी ट्रान्स्फर केस पारखून घेणें

मोटारगाडीस चार चाकें असतात, हें लहान मूलही सांगेल. परंतु त्या चारांपैकीं किती चाकें गाडीस पुढें लोटतात, असा प्रश्न केला असतां पुष्कळ जाणते लोकही क्षणभर थांबतात. रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांत एंजिनाची शक्ति दोनच चाकांस मिळते. उरलेलीं दोन चाकें नुसतीं बरोबर फिरतात. कोरड्या डांबरी सडकेवर एवढ्यानें काम भागतें. परंतु चिखल, वाळू, ओला चढ अगर ओढ्याचें पात्र यांशीं गांठ पडली म्हणजे त्या दोन चाकांची उणीव कळूं लागते. ती आम्हांस कशी कळली, व ती भरून काढण्याकरितां एक जुनें यंत्र शोधतांना आम्ही काय शिकलों, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं हा लेख केवळ मोटारीविषयींचा म्हणून वाचूं नये. जुनी वस्तु पारखून कशी घ्यावी हा धडा सायकलीस, शिवणयंत्रास व शेतांतील पंपासही सारखाच लागू पडतो.

आमच्या वसतिगृहाची एक जुनी जीप आहे. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत एका मुलास रात्रीं अतिशय ताप भरला. त्यास तालुक्याच्या रुग्णालयांत नेण्यासाठीं जीप काढली. वाटेंतील ओढ्यास पाणी गुडघ्याएवढेंही नव्हतें. परंतु पलीकडच्या चढावर मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं व पाहतां पाहतां आंसापर्यंत चिखलांत रुतलीं. पुढचीं चाकें घट्ट मुरुमावर होतीं, पण त्यांस शक्ति मिळत नव्हती. शेवटीं घोंगडीची झोळी करून आम्हीं त्या मुलास दीड कोस पायीं पक्क्या सडकेपर्यंत नेलें. सुदैवानें मुलगा बरा झाला. तथापि त्या रात्रीची आठवण आमच्या मनांतून गेली नाहीं.

पुढें चौकशी करतां असें समजलें कीं, ही जीप कारखान्यांतून चारी चाकांनीं चालणारी म्हणूनच बाहेर पडली होती. शाळेकडे येण्यापूर्वीं कोणा मालकानें डिझेल वांचविण्याच्या हेतूनें तिची ट्रान्स्फर केस, पुढचा चालता आंस व पुढचा शाफ्ट काढून टाकले होते, आणि केवळ मागच्या चाकांपुरती गिअरपेटी व दुसरा मागचा आंस बसविला होता. गेलेले भाग परत बसवावे म्हणून पालकांनीं वर्गणी जमविली. रक्कम मोठी नव्हती, आणि तींतील बराच भाग मोलमजुरी करणाऱ्या लोकांनीं दिला होता. एकदां चुकलों तर दुसऱ्यांदा मागण्यास आम्हांस तोंड राहिलें नसतें. म्हणून आधीं अभ्यास, मग खरेदी, असें ठरलें.

यंत्राचें काम

एंजिनाची शक्ति प्रथम गिअरपेटींत येते व तेथून लांब शाफ्टानें मागच्या आंसास पोंचते. चारी चाकें चालवावयाचीं असतील तर गिअरपेटीच्या मागें आणखी एक पेटी जोडावी लागते. तीच ट्रान्स्फर केस होय. या पेटीस शक्ति आंत येण्याचें एक तोंड व बाहेर जाण्याचीं दोन तोंडें असतात. एका तोंडास जोडलेला शाफ्ट मागच्या आंसाकडे जातो, दुसऱ्यास जोडलेला पुढच्या आंसाकडे. चालकाजवळचा दांडा ओढला कीं आंतील दांतेरी चाक सरकून पुढचा शाफ्ट जोडला जातो. दांडा उलट लोटला कीं तो सुटतो.

पेटीचें दुसरें काम वेग उतरवून जोर वाढविण्याचें. विलीज सी.जे.-३ बी या जीपचें उदाहरण घेऊं. ही जीप पुढें भारतांतही दीर्घकाळ तयार होत असे. तिच्या गिअरपेटींतील पहिल्या गिअराचें प्रमाण सुमारें २.८ व आंसाचें ५.३८ होतें. यांचा गुणाकार सुमारें १५ येतो; म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यास एंजिनास १५ फेरे करावे लागतात. ट्रान्स्फर केस ‘लो’मध्यें घातली म्हणजे तिचें २.४६ हें प्रमाण आणखी गुणिलें जातें, व उत्तर सुमारें ३७ येतें. घर्षणांत जाणारा अंश सोडून दिला, तर चाकास मिळणारा पीळ जवळजवळ अडीचपट होतो व वेग तितक्याच पटीनें कमी होतो. पहारेनें धोंडा उलथतांना हात पुष्कळ खालीं यावा व धोंडा थोडाच वर उचलावा, तसाच हा व्यवहार आहे. जोर फुकट मिळत नाहीं. त्याची किंमत वेगानें द्यावी लागते.

एवढा पीळ एकट्या मागच्या आंसावर आला तर त्याचे दांते तुटण्याचा संभव असतो. म्हणून जीपच्या जुन्या पेटींत अशी अडसराची योजना असे कीं, पुढचीं चाकें जोडल्यावांचून ‘लो’ पडूंच नये. दांड्यावर जोर करून हा नियम मोडूं पाहणारा चालक आपल्याच गाडीचें नुकसान करितो.

थोडा इतिहास

ही कल्पना नवी नव्हे. हॉलंडांतील स्पायकर या कारखान्यानें १९०३ सालीं चारी चाकांनीं चालणारी शर्यतीची मोटार केली. अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांतील क्लिंटनव्हिल गांवीं ऑटो झॅको व विल्यम बेसरडिच या दोघां मेहुण्यांनीं १९०८ सालच्या सुमारास अशी गाडी सिद्ध केली. हे कोणी मोठे धनिक नव्हते. लोहारकाम व यंत्रदुरुस्ती करणारे कारागीर होते. पुढें १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली व तींतून जीप जन्मास आली. महायुद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. त्यांत जी ट्रान्स्फर केस होती ती ‘स्पायसर १८’ या नांवानें ओळखली जाते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत माझगांव येथें विलीज जीपांची जुळणी सुरू केली. त्यामुळें या नमुन्याची पेटी आमच्या इकडील जुन्या कारागिरांच्या हाताखालून अनेक वेळां गेलेली असते.

चारी चाकें नेहमींच कां चालवूं नयेत?

हा प्रश्न एका विद्यार्थ्यानें विचारला, व त्याचें उत्तर भूमितींत सांपडलें. गाडी वळतांना मागचीं व पुढचीं चाकें एकाच वर्तुळावरून जात नाहींत. समजा, मागच्या आंसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो व दोन आंसांतील अंतर २ मीटर आहे. मग काटकोन त्रिकोणाच्या नियमानें पुढच्या आंसाच्या मध्याची त्रिज्या २९ चें वर्गमूळ, म्हणजे सुमारें ५.३९ मीटर होते. पूर्ण एका फेऱ्यांत मागचा आंस सुमारें ३१.४ मीटर जातो, तर पुढचा सुमारें ३३.८ मीटर. या साध्या पेट्यांत चारी चाकें जोडलीं म्हणजे दोन्ही शाफ्ट एकमेकांस घट्ट बांधले जातात. त्यांस वेगळ्या वेगानें फिरतां येत नाहीं. मग हें २.४ मीटरांचें अंतर कोठें जावें? चिखलांत चाक किंचित घसरतें व हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाहीं. तेव्हां सर्व ताण शाफ्ट, दांते व बेअरिंगें यांवर सांठत जातो, दांडा अडकून बसतो व शेवटीं कांहींतरी मोडतें. म्हणून अशा पेटीचीं चारी चाकें ओल्या, मऊ अगर निसरड्या जमिनीवरच जोडावीं, व सडक लागतांच सोडवावीं.

याच कारणानें दोन्ही आंसांचें प्रमाण एकच असलें पाहिजे. पुढें ५.३८ व मागें ४.८८ असे आंस एका गाडीस बसविले, तर दोन चाकांच्या वेगांत सुमारें दहांस एक एवढें अंतर पडेल. म्हणजे एक आंस ११० पावलें चालूं पाहील व दुसरा १०० च. अशी गाडी सरळ रस्त्यावरही स्वतःशींच भांडत राहील.

हातानें चालणारी कीं विजेची?

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत दांडा नसतो. चालक कळ दाबतो व एक लहान वीजमोटर पेटींतील गिअर बदलते. ही सोय चांगली असली तरी तिच्यामागें तारा, संवेदक व नियंत्रकाची पेटी असा परिवार असतो. तो सर्व जुन्या गाडींत आणणें कठीण. अमेरिकेंत शेव्हरोले एस-१० या जातीच्या गाड्यांत एन.पी. २३३ नांवाची विजेनें बदलणारी पेटी असे, व तिचीच बहीण एन.पी. २३१ ही हातदांड्याची. मोटर वा नियंत्रक बिघडला म्हणजे २३३ काढून जुनी २३१ शोधून बसविणारे मालक तिकडे आढळतात. त्यांचें कारण सरळ आहे : हातदांड्यांत बिघडण्यासारखें थोडें असतें, व जें बिघडतें तें डोळ्यांस दिसतें. आमच्या जीपसाठीं तर दुसरा विचारच नव्हता.

परंतु हातदांड्याच्या पेट्यांतही अनेक जाती आहेत. नुसत्या जीपच्या घराण्यांत पाहिलें तरी स्पायसर १८ मध्यें मागचें तोंड एका बाजूस सरकलेलें असतें, त्यामुळें मागच्या आंसाचा गोळाही त्याच बाजूस असावा लागतो. तींत ‘हाय’मध्येंही शक्ति मधल्या चाकांतून फिरून जाते, म्हणून ती थोडी गुणगुणते. १९६२ पासून आलेल्या स्पायसर २० मध्यें मागचें तोंड गिअरपेटीच्या सरळ रेषेंत आलें, व ‘हाय’मध्यें शक्ति थेट जाऊं लागली, तिच्या ‘लो’चें प्रमाण २.०३ होतें. १९८० ते १९८६ च्या जीपांत डेना ३०० ही पेटी होती. तिचें प्रमाण २.६२. या तिघींचीं कवचें व अंतरंग जाडजूड असून त्यांत दांतेरी चाकेंच काम करितात. पुढें आलेल्या एन.पी. २३१ चें कवच हलक्या धातूचें असून तींत पुढच्या तोंडास शक्ति सांखळीनें दिली जाते, व ‘लो’चें प्रमाण २.७२ आहे. जुन्या तिघींत पुढचें तोंड गाडीच्या उजव्या अंगास असतें, तर जीपमधील २३१ मध्यें डाव्या अंगास. अशा स्थितींत ‘जीपची पेटी आहे, बसेल’ या विक्रेत्याच्या वाक्यास कांहींच अर्थ राहत नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

मिळते कीं नाहीं, हें कसें पाहावें?

आम्हीं वहींत पुढील गोष्टी लिहून घेतल्या. पहिली, पेटी गिअरपेटीस जोडण्याच्या बोल्टांचीं भोंकें व त्यांतील अंतरें. दुसरी, गिअरपेटींतून येणाऱ्या शाफ्टावरील उभ्या खांचांची अगर चाकाच्या दांत्यांची संख्या. ती मोजून मिळविल्याशिवाय पुढें जाऊं नये. एकाच नांवाच्या पेटींत वेगवेगळ्या सालीं वेगवेगळी संख्या असूं शकते. तिसरी, पुढचें तोंड कोणत्या अंगास आहे. कारण पुढच्या आंसाचा गोळा त्याच अंगास असावा लागतो. चौथी, पेटीची लांबी; कारण ती बदलली कीं दोन्ही शाफ्ट कापून वा वाढवून घ्यावे लागतात. पांचवी, वेगदर्शकाची तार लागण्याची जागा. सहावी, दांडे, त्यांचे दुवे, शाफ्टाचे क्रॉस, व पेटी चौकटीस टांगणाऱ्या रबरी बैठका. हे लहान भाग विक्रेता ‘नंतर मिळतील’ म्हणून सांगतो. परंतु नंतर त्यांचा शोध मुख्य पेटीपेक्षां अधिक दिवस खातो.

पेटीवर धातूची पट्टी शिल्लक असेल तर ती प्रथम पुसून वाचावी. एन.पी. घराण्याच्या पेट्यांवरील लहान पट्टींत नमुन्याचा अंक, जुळणीचा अंक व ‘लो’चें प्रमाण कोरलेलें असतें. पट्टी नसली तर मोजणें हाच मार्ग.

सर्वांत शहाणपणाची गोष्ट एका वृद्ध कारागिरानें सांगितली : “सुटी पेटी घेऊं नका. एकाच गाडीची गिअरपेटी, ट्रान्स्फर, दोन्ही आंस आणि दोन्ही शाफ्ट असा संच घ्या. जीं माणसें एका घरांत नांदलीं, तीं दुसऱ्या घरांतही नांदतात.” आरंभीं आम्हांस हा सल्ला खर्चिक वाटला. पुढें तोच स्वस्त ठरला.

दुकानांतील परीक्षा

पहिल्या ठिकाणीं एक पेटी गिअरपेटीसह मांडलेली होती. नवा रंग दिलेला, चकचकीत. विक्रेता म्हणाला, ही तुमच्याच जीपची. आमच्याबरोबर नववीच्या वर्गांतील एक मुलगा होता. त्यानें खडूनें गिअरपेटीच्या पुढच्या शाफ्टावर एक व ट्रान्स्फरच्या मागच्या तोंडावर एक अशा दोन खुणा केल्या. गिअरपेटी तिच्या शेवटच्या, म्हणजे सरळ, गिअरांत घातली. त्या गिअरांत शाफ्ट जितका फिरवावा तितकाच ट्रान्स्फरमध्यें पोंचतो. मग ट्रान्स्फर ‘लो’मध्यें घालून तो पुढचा शाफ्ट हातानें फिरवूं लागला. मागच्या तोंडाचे दहा फेरे होईपर्यंत पुढें साडेचोवीसांहून किंचित अधिक फेरे व्हावयास पाहिजे होते; कारण आम्हांस २.४६ चें प्रमाण हवें होतें. पण वीस फेरेही भरले नाहींत. त्यानें पुन्हां मोजलें, तेंच उत्तर. युद्धकाळांतील जीपांच्या पेटीचें प्रमाण १.९७ असे. पेटीचें नांव तेंच, स्पायसर १८. परंतु वंश जुना. त्या पेटींतील मधल्या चाकांचा आडवा दंड अवघा पाऊण इंच जाडीचा असे. पुढें तोच सव्वा इंचापर्यंत वाढविला गेला. ती गिअरपेटीही आमच्या डिझेल एंजिनास जुळणारी नव्हती. विक्रेत्यानें लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. कदाचित् त्यासही ठाऊक नसेल. परंतु खडूच्या दोन रेघांनीं आमची वर्गणी वांचली.

दुसऱ्या ठिकाणची पेटी प्रमाणास बरोबर उतरली. मात्र तिच्या एका बोल्टाच्या कानाभोंवतीं ग्रीस जरा अधिकच लावलेलें दिसलें. आम्हीं ग्रीस पुसून त्या जागीं रॉकेल लाविलें, थोडा वेळ थांबून कोरड्या फडक्यानें स्वच्छ पुसलें, व वर खडूची पूड चोळली. पांच मिनिटांत पांढऱ्या पुडीवर केंसासारखी एक ओली रेघ उमटली. भेगेंत शिरलेलें रॉकेल बाहेर येऊन खडूनें शोषून घेतलें होतें. भेगाळलेल्या कानावर सर्व पेटीचा भार पडतो. अशी वस्तु फुकट मिळाली तरी घेऊं नये.

याखेरीज आम्हीं जी पद्धति ठरविली ती येथें क्रमानें देतों. पेटीचें तेल एका पांढऱ्या ताटलींत काढावें. तें दुधासारखें असेल तर आंत पाणी शिरलें आहे. जळका वास येत असेल तर पेटी तापली आहे. चमकणारे कण असतील तर चुंबक फिरवावें. बारीक काळसर लुकण चालेल, पण खपल्या अगर तुकडे आढळले तर दांते वा बेअरिंग फुटलें आहे असें समजावें. मग दोन्ही तोंडें हातानें वरखालीं हालवून पाहावीं. खडखड हालचाल असेल तर बेअरिंगें गेलीं. स्पायसर १८ मध्यें मधल्या दंडाच्या भोंकापासून तेल झिरपत असेल तर दंड अगर कवचाचें भोंक झिजलें आहे असा संशय घ्यावा. दंड बदलतां येतो, पण लंबगोल झालेलें भोंक दुरुस्त करणें अवघड. मधल्या स्थितींत, म्हणजे न्यूट्रलमध्यें, गिअरपेटीचा शाफ्ट फिरविला असतां दोन्ही तोंडें शक्तीशिवाय मोकळीं राहिलीं पाहिजेत. सांखळीची पेटी असेल तर चारी चाकांची स्थिति घालून मागचें तोंड घट्ट धरावें व पुढचें मागेंपुढें फिरवावें. ढिलाई पुष्कळ असेल तर सांखळी ताणली गेली आहे. शेवटीं प्रत्येक स्थितींत दांडा घालून काढून पाहावा. तो आपोआप सुटत असेल तर दांत्यांचीं टोंकें गोल झालीं आहेत.

तेलाविषयींही एक सूचना. जुन्या दांतेरी पेटींत जाड गिअर तेल घालतात, तर २३१ सारख्या सांखळीच्या पेटींत पातळ तांबडें तेल लागतें. एकीचें दुसरींत घालूं नये.

कागदपत्रें

भंगाराच्या बाजारांत चोरीच्या गाडीचे भागही येतात. म्हणून आम्हीं असा निश्चय केला होता कीं, ज्या गाडीचा संच घ्यावयाचा तिचा नोंदणीचा व चौकटीचा अंक विक्रेत्यानें पावतीवर लिहून दिला तरच पैसे द्यावयाचे. दोघां विक्रेत्यांनीं यास नकार दिला. आम्ही त्यांच्या दुकानांतून परत आलों.

कायद्याचाही विचार करणें अवश्य होतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, कारखान्यानें ठरविलेल्या मूळ रचनेशीं विसंगत ठरेल असा बदल मालकास आपल्या गाडींत करतां येत नाहीं. व २०१९ सालच्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही हें तत्त्व स्पष्ट केलें. ज्या जीपेस कारखान्यानें दोनच चाकांची शक्ति दिली, तिला मनास येईल तशी पेटी बसविणें म्हणूनच धोक्याचें आहे. आमचा प्रश्न उलट होता. आम्हांस मूळ रचनेकडे परत जावयाचें होतें. तरीही काम सुरू करण्यापूर्वीं आम्हीं जीपचीं कागदपत्रें परिवहन कार्यालयांत दाखविलीं. जें काम शाळेच्या नांवानें व्हावयाचें, त्यांत लपविण्यासारखें कांहीं नसावें.

शेवटीं काय झालें

तिसऱ्या ठिकाणीं एक मोडींत निघालेली जीप संपूर्ण उभी होती. आंसांचें प्रमाण पाहण्यासाठीं आम्हीं तिचीं मागचीं दोन्ही चाकें उचलून बरोबरीनें एक फेरा फिरविलीं व शाफ्टाचे फेरे मोजले; ते पांचाहून अधिक, साडेपांचाहून कमी भरले. अधिक नक्की उत्तर मिळावें म्हणून दहा फेऱ्यांस मोजलें, तेव्हां सुमारें ५४ आले. पुढच्या आंसाचेंही तेंच. आमच्या जीपचा मागचा आंस मात्र त्याच रीतीनें मोजतां दहा फेऱ्यांस ४९ च्या आसपास गेला, व त्याचा गोळाही मध्यभागीं होता. म्हणजे केवळ पुढचा आंस घेऊन आलों असतों, तर पहिल्याच पावसाळ्यांत नवी पेटी फुटली असती. त्या वृद्ध कारागिराच्या बोलण्याचा अर्थ तेव्हां आम्हांस पूर्णपणें कळला. संपूर्ण संचाची किंमत वर्गणीपेक्षां अधिक होती. परंतु आमची जुनी गिअरपेटी व आंस विक्रेत्यानें बदली घेतले, आणि उरलेली तूट एका पालकानें वेल्डिंगचें काम विनामूल्य करून भरून काढिली.

सुट्टींत विद्यार्थ्यांनीं कारागिराच्या देखरेखीखालीं पेटी उघडली. तेलाचीं सीलें, दोन बेअरिंगें व मधला दंड बदलला. चाकांचे दांते चांगले निघाले. प्रत्येक भाग ज्या क्रमानें काढला त्याच क्रमानें फळीवर मांडला होता, म्हणून परत जुळवितांना एकही भाग उरला नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत त्याच ओढ्यावर आम्हीं जीप नेली. उतारापूर्वीं थांबून पुढचीं चाकें जोडलीं, ‘लो’ घातला, आणि पहिल्या गिअरांत सावकाश निघालों. पलीकडच्या चढावर मागचें एक चाक किंचित घसरलें. तोंच पुढच्या चाकांनीं जमीन धरली व जीप माणसाच्या चालीनें वर चढून गेली. कोणी टाळ्या वाजविल्या नाहींत. ज्या मुलास त्या रात्रीं झोळींतून नेलें होतें, तो मागें बसला होता. त्यानें फक्त एवढेंच म्हटलें, “येथेंच रुतली होती.”

चारी चाकें चालूं लागलीं म्हणून पुराच्या पाण्यांत गाडी घालावी असें मात्र कोणीं समजूं नये. पाण्याच्या लोटापुढें चार चाकेंही तरंगतात. यंत्रानें सामर्थ्य वाढतें. विवेक माणसानेंच आणावा लागतो. तसेंच खरेदीचें. रंग पाहून, नांव ऐकून अगर घाईनें घेतलेली वस्तु महाग पडते. मोजून घेतलेली वस्तु जुनी असली तरी विश्वासास पात्र होते.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. गिअरपेटीचें प्रमाण २.८, ट्रान्स्फर केसचें २.०३ व आंसाचें ४.८८ असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाचे किती फेरे होतील?

२. एका पेटींत मागच्या तोंडाच्या दहा फेऱ्यांस पुढच्या शाफ्टाचे सुमारें २६ फेरे भरले. लेखांत दिलेल्या पेट्यांपैकीं ही कोणती असावी?

३. एकच चाक उचललें असून दुसरें जमिनीवर स्थिर असेल, तर आंसाचें प्रमाण मोजतांना उचललेलें चाक एकाऐवजीं दोन फेरे कां फिरवावें लागतें, तें कारणांसह लिहा.

४. तुमच्या घरीं घेतलेली एखादी जुनी वस्तु घ्या, व ती खरेदी करण्यापूर्वीं काय काय मोजून पाहतां आलें असतें त्याची यादी करा.